डबल बासला तात लावावी की नायलॉन? खान्देशच्या हवेचा हिशोब धरून

लहानपणी दिवाळीच्या आधी आमच्या भुसावळच्या गल्लीत पिंजारी यायचा. खांद्यावर ते माणसाएवढं धनुष्य, हातात लाकडी मोगरी. गाद्यांचा कापूस ओट्यावर मोकळा केला की तो त्यात धनुष्य धरायचा आणि त्याच्या आतड्याच्या तातीवर ठोका मारायचा. कापूस उडायचा तो उडायचाच, पण मला आठवतो तो आवाज. जाड, ठुसका, लगेच विरून जाणारा. पुढे तिशीत डबल बास, म्हणजे व्हायोलिनसारखं दिसणारं पण माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं वाद्य घेतलं आणि एका वादकाच्या बासवर पहिल्यांदा आतड्याची तार छेडली, तेव्हा तोंडून निघालं, "हा तर पिंजाऱ्याचा आवाज!" तो वादक मुंबईचा, त्याला काही कळलं नाही.

माझ्या बासवर तेव्हा स्टीलच्या तारा होत्या. आज चारांपैकी दोन तातीच्या आहेत. मधल्या काळात मी नायलॉनचे तीन प्रकार वापरले, एकदा वाद्याच्या आतला खांब पाडला आणि बरेच पैसे वाया घालवले. ज्यांच्याकडे बास आहे, स्टीलचा कडकपणा आणि लांबलेली आस (तार छेडल्यावर रेंगाळणारा नाद) नको झाली आहे आणि तात की नायलॉन यात मन अडकलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: आधी स्वस्तातल्या नायलॉनवर हात बसवा, मग तातीवर पैसे घाला. आणि खान्देशात राहत असाल तर कानाइतकाच घरातल्या कूलरचाही विचार करा.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

तात म्हणजे जनावराच्या आतड्याची तार, इंग्रजीत गट. कॅटगट या शब्दात मांजर असलं तरी तारेत मांजर नसतं. बहुतेक मेंढीचं, काही ठिकाणी गाईबैलांचं आतडं वापरतात. सारंगीच्या तीन मुख्य तारा याच असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डबल बासवरही तातच असायची. स्टीलच्या तारा 1950 नंतर पसरल्या. म्हणजे जुन्या जॅझमध्ये किंवा रॉकाबिलीत (सुरुवातीच्या रॉक अँड रोलचा अमेरिकन प्रकार) जो धपधपीत बास ऐकू येतो, तो बहुतांशी तातीचा.

घरात कोणी माळकरी असेल तर ही तार कशाची आहे हे आधीच सांगून टाका. माझ्या सासऱ्यांनी बासला हात लावणं सोडलं, पण निदान मी लपवलं नाही एवढं तरी झालं. ज्यांना प्राणिज वस्तू घरात नकोच, त्यांच्यापुरता प्रश्न इथेच सुटला: नायलॉन.

नायलॉनचा घोळ याहून मोठा. दुकानदार एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकतात. पहिली म्हणजे आरपार नायलॉनची गुळगुळीत तार, मासेमारीच्या दोरीची जाड बहीण. दुसरी, आत नायलॉन किंवा तत्सम कृत्रिम धाग्याचा गाभा आणि वरून धातूची गुंडाळणी. थोमास्टिक कंपनीच्या डॉमिनंट आणि पिरास्त्रो कंपनीच्या ऑब्लिगाटो या तारा कृत्रिम गाभ्याच्या घराण्यातल्या. तिसरी, आत धातू आणि वरून नायलॉनची काळी पट्टी गुंडाळलेली. तिला हात लावला की मऊ वाटते, पण ताण आणि आस धातूकडे झुकते. ऑर्डर देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: गाभा कशाचा? उत्तर देता आलं नाही, तर त्या दुकानातून घेऊ नका.

पहिली पायरी: तुम्ही वाजवता कसं?

फक्त बोटांनी वाजवत असाल तर सगळ्या वाटा खुल्या आहेत. स्लॅप, म्हणजे तार ओढून फिंगरबोर्डवर (तारांखालच्या लांब लाकडी पट्टीवर) आपटायची पद्धत असेल, तर तात किंवा आरपार नायलॉन. स्टीलवर तासभर स्लॅप केलं की उजव्या हाताच्या बोटांचं काय होतं ते केळीचा घड उतरवणाऱ्याला विचारा, तोही कीव करेल.

गजाने वाजवत असाल तर निवड एकदम अरुंद होते. साध्या, म्हणजे गुंडाळणी नसलेल्या, तातीवर राळ लावलेला गज सुंदर धरतो, आवाजाला किंचित खरखर येते, सारंगीची आठवण होते. आरपार नायलॉनवर गज नुसता घसरतो. राळेचा थर चढवला तरी सूर बोलत नाही, कण्हतो. पट्टीवाल्या तारेचंही जवळपास तेच. गज आणि बोटं दोन्ही हवी असतील आणि तात नको असेल, तर कृत्रिम गाभा आणि वरून धातू, ही मधली वाट.

स्टेजचाही विचार करा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, शेजारी कीबोर्ड आणि मागे ढोल असताना, तातीचा आवाज मोकळ्या मैदानात विरघळतो. पिकअप, म्हणजे तारेची कंपनं पकडून स्पीकरकडे पाठवणारं यंत्र, लागणारच. चुंबकाचा पिकअप फक्त लोखंडी गाभ्याच्या तारेला ओळखतो, तात आणि नायलॉनसाठी तो मुका. घोडीत (तारा पेलणाऱ्या उभ्या लाकडी तुकड्यात) बसणारा, थेट कंपनं पकडणारा पिएझो पिकअप घ्या. आवाज वाढवला की घूं घूं असा फीडबॅक येतो, त्यामुळे स्पीकर बासच्या मागे ठेवू नका.

दुसरी पायरी: ताणाचा हिशोब

हा भाग थोडा कोरडा आहे, पण माझे सगळ्यात जास्त पैसे याच अज्ञानात गेले.

तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: नट (खुंट्यांजवळची तारा टेकण्याची पट्टी) ते घोडी ही लांबी, तारेचं मीटरमागे वजन आणि हवा तो सूर. लांबीला सुराच्या कंपनसंख्येने गुणा, दुप्पट करा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, आणि त्याला मीटरमागच्या किलोतल्या वजनाने गुणा. उत्तर न्यूटनमध्ये येतं. 9.8 ने भागलं की किलोचा ताण.

नेहमीच्या पाऊण आकाराच्या बासवर लांबी साधारण 105 सेंटिमीटर. चार तारांचे सूर, उंचाकडून खालच्याकडे, जी 98, डी 73.4, ए 55 आणि ई 41.2 हर्ट्झ. मध्यम ताणाची स्टीलची तार एकेक 28 ते 30 किलोने ओढते. जी सुराची तात 2.1 मिलिमीटर जाड घेतली तर ताण येतो 19 किलोच्या आसपास. डीसाठी 2.8 मिलिमीटर, ताण जवळपास तितकाच. चारही तारा धरल्या तर वाद्यावरचं ओझं स्टीलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी होतं. जुन्या, दबलेल्या पोटाच्या बासला ही विश्रांतीच. उलट जाड प्लायवुडचा बास एवढ्या कमी ताणाने नीट हलत नाही, आवाज आतल्या आत राहतो. प्लायवुडच्या बासला मी किंचित जाड तारा सुचवेन.

नायलॉन तातीपेक्षा हलकं. तातीची घनता साधारण 1.3, नायलॉनची 1.14. म्हणून तोच ताण हवा तर नायलॉनची तार जाड घ्यावी लागते: जीला 2.2 ते 2.4 मिलिमीटर, डीला 3, एला 4. हाच हिशोब ईपर्यंत नेला तर तार सव्वापाच मिलिमीटरच्या पुढे जाते. अशी तार बोटाखाली दोरखंडासारखी लागते आणि सुराऐवजी फक्त धप्प करते. म्हणूनच ई आणि ए या खालच्या तारांना धातूची गुंडाळणी हवी, मग गाभा तातीचा असो की कृत्रिम. गुंडाळणी वजन वाढवते, जाडी फार न वाढवता. साध्या तारा वरच्या दोघींनाच शोभतात. जॅझमधले बासवादक चार्ली हेडन यांच्या वाद्यावरही वरच्या दोन तारा तातीच्या आणि खालच्या दोन स्टीलच्या असत.

तिसरी पायरी: पाचशेच्या आतला प्रयोग

तातीचा संच परदेशातून येतो. किमतीवर टपाल आणि कस्टम ड्युटी चढते. कमी ताणाची तार आपल्याला झेपते का, हे कळण्याआधी एवढा खर्च करू नका.

कृषी सेवा केंद्रात ग्रास कटरची नायलॉन दोरी मिळते. तीच. अमेरिकेतले रॉकाबिली वादक हा उद्योग बरीच वर्षं करत आले आहेत, आपल्याकडे तर ती दोरी प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत टांगलेली असते. मी गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "भाऊ, मशीन कोणतं तुमचं?" म्हटलं, मशीन नाही, वाद्य आहे. त्याने माझ्याकडे एकदा आणि दोरीकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने दोन मीटर कापून दिली.

घेताना दोरी गोलच घ्या. चौकोनी, चांदणीच्या आकाराची किंवा पिळाची दोरी गवत छान कापते आणि बोटंही. पहिल्या वेळी मी चौकोनी आणली होती. 2.4 मिलिमीटरची जीसाठी, 3 मिलिमीटरची डीसाठी. एका टोकाला घट्ट गाठ, गाठीमागे चामड्याची चकती, म्हणजे गाठ टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकवायच्या तुकड्याच्या) भोकातून निसटत नाही. चपला शिवणाऱ्याकडे चकती पाच मिनिटांत मिळते. ए आणि ई तुमच्या जुन्याच राहू द्या.

नायलॉन खूप ताणतं. लावण्याआधी एक टोक खिडकीच्या गजाला बांधून हातांनी सावकाश ओढून घ्या. तरीही पहिले आठ-दहा दिवस ती दिवसातून चार वेळा उतरेल. रोज सकाळी चढवा, वाजवा, पुन्हा चढवा. वैतागून तार सदोष आहे असं ठरवू नका.

महिनाभर अशी वाजवल्यावर स्वतःला विचारा: तार हाताखाली डोलते ते आवडतं का? आस लवकर तुटते ते चालतं का? उत्तर नाही असेल, तर कृत्रिम गाभ्याचा संच घ्या आणि हा विषय सोडा. हो असेल, तर पुढे वाचा.

चौथी पायरी: कूलर

तात हवेतलं पाणी पिते आणि सोडते. तसं करताना ती फुगते, आकसते आणि सूर हलतो. ओलावा 40 ते 60 टक्क्यांच्या मध्ये राहिला तर वाद्याचं लाकूडही सुखात आणि तातही.

आता आपली हवा बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो. दुपारी माझ्या खोलीतला आर्द्रतामापक 20 च्या खाली असतो. मग आपण काय करतो? वाळ्याचा कूलर लावतो. अर्ध्या तासात काटा 60 वर. वीज गेली, की पुन्हा खाली. मुंबईच्या वादकाला दमट हवेचा त्रास असतो, पण ती हवा दिवसभर तशीच दमट असते. आपल्याकडे एका दुपारी उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही होऊन जातात. माझ्या पहिल्या तातीच्या जी तारेला दुसऱ्याच उन्हाळ्यात कुसं फुटली, आणि मी दोष देत होतो तार बनवणाऱ्याला.

एवढं कराच. आर्द्रतामापक विकत घ्या, स्वस्त असतो. बास कूलरच्या झोताबाहेर, शक्यतो त्याच्या मागच्या भिंतीला किंवा शेजारच्या खोलीत ठेवा. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात ठेवूच नका. वाजवायला बसण्याआधी अर्धा तास कूलरची स्थिती बदलू नका: चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. सूर त्यानंतर लावा. ज्यांच्या घरी एकच खोली आहे आणि कूलर दिवसभर चालू-बंद होतो, त्यांना मी तात घेऊ नका असंच सांगतो. नायलॉनही ओलावा थोडा घेतं, पण तातीइतकं नखरेल नाही.

खेड्यावर धान्याच्या कोठीशेजारी बास ठेवणार असाल तर उंदीर. आतडं म्हणजे शेवटी मांसच.

पाचवी पायरी: तारा चढवणं

सगळ्यात महत्त्वाचं पहिलं: चारही तारा एकदम काढू नका. मी काढल्या. घोडी आडवी झाली, ती सरळ करता येते. पण आतून टक्क असा आवाज आला तो साउंडपोस्टचा. वरच्या आणि मागच्या फळीमध्ये नुसत्या दाबावर उभा असलेला तो लाकडी खांब ताण जाताच पडला. तो पुन्हा बसवणं घरचं काम नाही. बास घेऊन मुंबईची गाडी धरावी लागली, आणि फलाटावर एका आजोबांनी विचारलंच, "हाई इतली मोठी सारंगी कोनी शे भो?"

तर एकेक तार बदला. एक काढा, नवी लावा, अर्ध्या सुरापर्यंत ताणा, मग दुसरी. प्रत्येक तारेनंतर घोडीकडे बाजूने पाहा. टेलपीसकडची तिची बाजू बासच्या पोटाशी काटकोनात हवी. तारा ताणताना घोडी नटच्या दिशेला झुकत जाते, तिला दोन्ही हातांनी सावकाश मागे आणा.

नट आणि घोडीवरच्या खाचा स्टीलसाठी कापलेल्या असतात. त्यात 2.8 मिलिमीटरची तात जबरदस्तीने बसवली तर ती चिमटली जाते आणि तिथेच उसवते. खाच तारेच्या मापाने गोल कानसीने रुंद करावी लागते, खोल नाही. तारेची निम्मी जाडी आत, निम्मी वर. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, तार सूर लावताना घसरते. आमच्या गल्लीतल्या सुताराने हे काम छान केलं, पण त्याच्यासमोर मी तारेचा तुकडा ठेवला होता आणि "एवढंच, याहून एक केस जास्त नाही" असं तीनदा म्हटलं होतं. खाच खोल गेली की नट नवाच बसवावा लागतो.

खुंटीचं भोकही तपासा. जाड तात काही खुंट्यांच्या भोकात जात नाही. टोक थोडं तासून निमुळतं करता येतं, पण तेवढ्याच भागात, जो वेढ्यांखाली जाईल. दोन-तीन वेढे पुरेत.

आता उंची. कमी ताणाची तार जास्त रुंद डोलते, म्हणून तिला फिंगरबोर्डपासून अंतर जास्त लागतं. स्टीलवर फिंगरबोर्डच्या टोकाशी जी तार 5 ते 7 मिलिमीटर उंच असेल, तर तातीला 8 ते 10 ठेवा. ईला 11 ते 13. घोडीला उंची बदलायची चाकं असतील तर काम सोपं, नसतील तर उंच घोडी करून घ्यावी लागेल. एवढं करूनही तार मध्येच झणझणत असेल, तर फिंगरबोर्ड फार सपाट आहे. त्याला लांबीत किंचित खोलगटपणा लागतो, आणि ते काम मात्र सुताराकडे देऊ नका, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

पुढची देखभाल

तात चार-पाच दिवसांत सुरात बसते, नायलॉनपेक्षा लवकर. वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा, घाम तिचा शत्रू. कोरड्या दिवसांत मी पंधरवड्याला बदामाच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन साध्या तातीवर फिरवतो आणि रात्रभर तशीच ठेवतो. गजाने वाजवायच्या पट्ट्यात तेल नको, राळ धरणार नाही. धातूच्या गुंडाळणीवरही तेल नको.

केसासारखी कुसं उठायला लागली तर ती ओढू नका. ओढलं की तो धागा तारेच्या लांबीभर सोलत जातो. नेलकटरने मुळाशी कापा आणि वाजवत राहा. कुसं फुटलेली तात महिनोन् महिने चालते, दिसायला तेवढी शेळीच्या शेपटासारखी दिसते.

बदलायची कधी? एकाच जागी बोटाला खड्डा लागायला लागला, किंवा वरचे सूर मोकळ्या तारेशी जुळेनासे झाले, तेव्हा. साधी तात मात्र लगेच टाकून देऊ नका. लांबी पुरत असेल तर ती सोडवून उलटी लावता येते: खुंटीकडचं टोक टेलपीसकडे, नवीन गाठ मारून. झिजलेला भाग जागा बदलतो आणि तार अजून एक हिवाळा काढते. म्हणूनच नवी तात लावताना खुंटीकडचं जास्तीचं टोक मी कधीच कापत नाही, गुंडाळून खुंट्यांच्या पेटीत खोचून ठेवतो.